नियमाचा माणूस

काही चित्रपट गाजत नाहीत. पण पाहणाऱ्याच्या मनात घर करून राहतात. भयपटांसाठी ख्यातनाम असलेल्या इंग्लंडच्या हॅमर संस्थेचा, क्वेंटिन लॉरेन्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘कॅश ऑन डिमांड’ (१९६१) हा छोटेखानी कृष्णधवल चित्रपट त्यांपैकी एक होय.

नाताळ दोन दिवसांवर आला आहे. एका लहान गावातील बँकेचा व्यवस्थापक फोर्डाइस (पीटर कुशिंग) हा सचोटीचा, पण रुक्ष गृहस्थ. हिशेबातील एका चुकीवरून तो पिअर्सन या जुन्या सहकाऱ्याला नोकरीवरून काढण्याची भीती घालतो. तेवढ्यात विमा कंपनीचा तपासनीस म्हणून एक रुबाबदार कर्नल (आंद्रे मोरेल) येतो. तुझी पत्नी आणि मुलगा आमच्या ताब्यात आहेत, असे सांगून तो फोर्डाइसच्याच हातून तिजोरी उघडवतो. पुढे पिअर्सनला संशय येतो, तेव्हा हाच फोर्डाइस त्याच्यापुढे गयावया करतो. जी क्षमा त्याने सकाळी नाकारली, तीच त्याला नंतर मागावी लागते. आणि ती त्याला मिळते.

येथे प्रश्न उभा राहतो: सकाळचा फोर्डाइस खोटा होता काय? आम्हांला तसे वाटत नाही. बँकेत ठेवलेला पैसा लोकांचा असतो. त्याचा हिशेब चोख ठेवणे हा धर्मच आहे. पण चूक तपासणे वेगळे आणि माणूस मोजणे वेगळे. नियम पहिल्या कामास पुरतो, दुसऱ्यास पुरत नाही.

हे आम्ही अनुभवावरून लिहितो. राज्य शासनाच्या सेवेत असताना एका वयस्क कारकुनाची नोंद चुकली. आम्ही त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला आणि तो ‘असमाधानकारक’ ठरवून त्याची वेतनवाढ रोखली. त्याच्या घरी त्या महिन्यात आजारपण होते, हे पुष्कळ उशिरा कळले. आमचा आदेश नियमाला धरूनच होता. मात्र एक प्रश्न विचारण्याचे आमच्या मनात आले नाही, आणि तो विचारण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती.

फोर्डाइसला एका दिवसात दुसरी संधी लाभली. आम्ही निवृत्त झालो. तो कारकूनही आता हयात नाही. सचोटी आम्ही जपली, असे लोक म्हणतात. ते ऐकताना आम्ही हल्ली गप्प राहतो.