विकून टाकले

शास्त्रपाठ : मत्तय १३:४४-४६



स्वर्गाच्या राज्याविषयी प्रभू येशूने जे दाखले सांगितले, त्यांपैकी मोत्यांच्या व्यापाऱ्याचा दाखला अवघ्या दोन वचनांचा आहे. चांगल्या मोत्यांच्या शोधात फिरणाऱ्या एका व्यापाऱ्याला अत्यंत मोलाचे एक मोती आढळते. तो जातो, आपल्याजवळचे सर्व विकतो आणि ते मोती विकत घेतो. या दाखल्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली असतील. परंतु बहुधा आपले लक्ष त्या एका मोत्यावरच खिळून राहते. मध्यंतरी काय घडले, याचा विचार आपण सहसा करीत नाही. जो मनुष्य मोत्यांच्या मागे देशोदेशी फिरला, त्याच्यापाशी स्वतःचा मोठा संग्रह असणारच. तो संग्रह त्याने कसा विकला? किती दिवसांत विकला? त्याला मनाजोगता भाव मिळाला काय?

पवित्र शास्त्राच्या अनुवादाचे काम करणाऱ्याला या ठिकाणी थोडे थांबावे लागते. शेतातील ठेवीच्या दाखल्यात, म्हणजे ४४व्या वचनात, मूळ ग्रीक भाषेत 'विकतो' असा वर्तमानकाळ आहे. ४६व्या वचनात मात्र क्रियापद निराळे आहे आणि काळही निराळा आहे. क्रिया पूर्ण झाली, तिचा परिणाम कायम राहिला, असे तो काळ सांगतो. आपल्या मराठीत यासाठी सुंदर सोय आहे. 'विकले' आणि 'विकून टाकले' यांतील भेद आपल्या घरातील लहान मुलालाही कळतो. व्यापाऱ्याने विकायला काढले नाही, विकण्याचा विचार केला नाही. त्याने विकून टाकले.

या दोन शब्दांतील अंतर मला वाराणसीत एका मराठी ख्रिस्ती घरात नव्याने उमगले. अनुवादाच्या कामानिमित्त त्या नगरात काही दिवस माझा मुक्काम होता. यजमानांचा थोरला मुलगा तिशीतला. शाळकरी वयापासून त्याला व्हिडिओ गेमचा नाद. टीव्हीला जोडण्याच्या जुन्या यंत्राच्या कॅसेटींपासून प्लेस्टेशनच्या डिस्कपर्यंत साडेतीनशेहून अधिक नग त्याने जमवले होते. एक अख्खे कपाट आणि पलंगाखालच्या दोन पेट्या त्यांनी भरल्या होत्या. वडील निवृत्त झाले होते, धाकट्या बहिणीला परिचारिका प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला होता आणि तिची फी भरण्यासाठी आपला संग्रह विकीन, असे त्याने घरच्यांना सांगितले होते. त्या गोष्टीस आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत चाळीस नगही गेले नव्हते. गिऱ्हाईक येई, भाव करी, हा नाकारी. पुन्हा नवे गिऱ्हाईक, पुन्हा तेच.

एके रात्री जेवणानंतर त्याने मला ते कपाट उघडून दाखवले. प्रत्येक डिस्कची त्याला कथा ठाऊक होती. शेवटी म्हणाला, "काका, विकायचे तर आहेच, योग्य भाव आला की देऊन टाकीन."

मी विचारले, "बहिणीची फी कोणत्या तारखेला भरायची?"

त्याने तारीख सांगितली. तीन आठवडे उरले होते.

"आणि हे विकण्याची शेवटची तारीख कोणती?"

तो काही बोलला नाही. तशी तारीख त्याने ठरवलीच नव्हती.

वाचकहो, त्या तरुणाला मी लोभी म्हणणार नाही. तो पैशासाठी अडून बसला नव्हता. योग्य भावाची वाट पाहण्याच्या निमित्ताने संग्रह आणखी काही दिवस आपल्यापाशी राहत होता, एवढेच. मार्क १०:२२ मधील श्रीमंत मनुष्य खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता पुष्कळ होती. तो प्रभूला 'नाही' म्हणाला, असे तेथे लिहिलेले नाही. आपणही बहुधा 'नाही' म्हणत नाही. आपण 'योग्य वेळी' म्हणतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे जमिनीवर बसलो आणि वही घेतली. लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून हिशेब करावा, असे प्रभू सांगतो. विकणाऱ्यालाही ते लागू आहे. प्रत्येक नगाचे नाव, तो कोणत्या यंत्रावर चालतो, मूळ डबी व पुस्तिका सोबत आहे की नाही, हे सर्व लिहिले. मग प्रत्येक डिस्क यंत्रात घालून पाहिली. चालली तर 'चालते', चरा असेल तर 'चरा आहे', अशी नोंद केली. यादी पूर्ण होताच त्या ढिगाचे आपोआप तीन भाग पडले.

पहिला भाग नष्ट करण्याचा. त्यात साठेक डिस्क होत्या. त्या मूळ नव्हत्या. दुकानदारांनी नकला करून स्वस्तात विकलेल्या होत्या. त्या घ्यायला गिऱ्हाईक तयार होते आणि रोख पैसे देत होते. तरुण म्हणाला, "काका, सगळेच विकतात." ते खरे होते. परंतु दुसऱ्याच्या श्रमाची चोरून केलेली नकल आपण पुन्हा विकली, तर चोरीचा माल आणखी एका हाती देणारे आपणच होतो. प्रेषितांची कृत्ये १९:१९ वाचा. इफिस येथील विश्वासणाऱ्यांनी जादूटोण्याची पुस्तके सर्वांसमोर जाळली. त्यांनी किंमत मोजली नाही असे नाही. ती पन्नास हजार चांदीची नाणी भरली. एवढ्या रकमेत गरिबांची सोय झाली असती. तरीही त्यांनी ती विकली नाहीत, कारण आपल्याला जे अयोग्य ठरले ते शेजाऱ्याला विकून स्वच्छ होता येत नाही. त्या तरुणाने साठही डिस्क मोडल्या. मोडताना त्याचा चेहरा उतरला होता, हे मी पाहिले.

दुसरा भाग देण्याचा. जुनी यंत्रे आणि कॅसेटी, ज्यांना बाजारात फारसा भाव नव्हता पण ज्या उत्तम चालत होत्या, त्या त्याने मुलांच्या एका वसतिगृहाला दिल्या.

तिसरा भाग विकण्याचा, आणि येथे शहाणपण लागते. सर्वच नग एकेक करून विकू पाहणारा वर्षभर अडकतो. सर्वच एकदम विकणारा मौल्यवान वस्तूही मातीमोल देतो. म्हणून दुर्मीळ असे बाराच नग वेगळे काढले आणि बाकीचे यंत्रांप्रमाणे गठ्ठे करून एकत्र विकायचे ठरवले. भाव ठरवताना विक्रेते काय मागतात ते पाहिले नाही; प्रत्यक्षात काय देऊन वस्तू गेली ते पाहिले, कारण मागणे फुकट असते. व्यापारी कमी देतो म्हणून त्याच्यावर रागावण्याचेही कारण नाही. वेळ, जागा व माल पडून राहण्याचा धोका तो आपल्याकडून उचलत असतो. चरा असलेली प्रत्येक डिस्क यादीत तशीच दाखवली. लेवीय १९:३५-३६ मधील खऱ्या मापांची आज्ञा तराजू नसलेल्या दुकानालाही लागू आहे. आणि यंत्र देण्यापूर्वी त्यातील स्वतःचे नाव, खाते व साठवलेली माहिती पुसून टाकली.

यादी करताना आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. कित्येक गेम त्याने पैसे भरून थेट आपल्या खात्यावर उतरवून घेतले होते. ते विकता येईनात. डिस्क हाती देता येते. खात्यावरील गेम हा केवळ वापरण्याचा परवाना असतो आणि तो त्या खात्याला बांधलेला राहतो. "म्हणजे हे माझे कधी नव्हतेच," असे तो हसत म्हणाला. पुढे किती तरी वेळ तो गप्प होता.

फीच्या तारखेच्या चार दिवस आधी शेवटचा गठ्ठा गेला. हाती आलेली रक्कम त्याने मनात धरलेल्या बेरजेच्या निम्मीही नव्हती. परंतु फी भरली गेली.

वाचकहो, तो तोट्यात गेला काय? व्यापाऱ्याच्या दाखल्याकडे पुन्हा पाहा. आपल्या मोत्यांना काय भाव आला, हे प्रभूने सांगितलेच नाही. एवढेच कळते की, हवे होते ते मोती घेण्यापुरते पैसे झाले. एकेका मोत्यासाठी तो घासाघीस करीत बसता, तर त्याचा भाव कदाचित चुकला नसता, पण मोती चुकले असते. संग्रहाची खरी किंमत तो कशासाठी विकला यावरून ठरते.

याच वाराणसीत सतराव्या शतकात आपल्या गोदातीरावरून गेलेले एक थोर पंडित राहत होते, कवींद्राचार्य सरस्वती. काशी व प्रयाग येथील यात्रेकरूंवरील कर त्यांनी बादशहा शाहजहानकडून रद्द करविला. 'सर्वविद्यानिधान' ही पदवी त्यांना लाभली. त्यांचा हस्तलिखितांचा संग्रह विख्यात होता. त्या संग्रहाची म्हणून ओळखली जाणारी यादी १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली गेली. तीत २१९२ नोंदी आहेत. आपल्या पोथ्यांवर ते नावाची नोंद करीत. पुढे तो संग्रह पांगला. आज त्यांच्या नावाच्या पोथ्या बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयात आणि इतरत्र आढळतात. नाव राहिले, ग्रंथ मात्र परक्या कपाटांत गेले. यात त्या पंडितांचा दोष नाही. ही प्रत्येक संग्रहाची गती आहे. आपण विकला नाही, दिला नाही, तरी एक दिवस तो आपल्या हातून जाणारच. कशासाठी द्यावा, हे ठरविण्याची मुभा मात्र आपण जिवंत असेपर्यंतच असते.

त्याच नगरातील दुसरा महाराष्ट्रीय विद्वान आपल्या मंडळीला अधिक परिचित आहे. नीळकंठशास्त्री गोरे यांची संपत्ती म्हणजे त्यांची शास्त्रविद्या आणि तिच्यामुळे लाभलेला मान. ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी ते पुढे आले, आणि १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नहेम्या गोरे झाले. घर, जात, प्रतिष्ठा यांचा हिशेब त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. फिलिप्पै ३:७ मध्ये पौल नफा-तोट्याची भाषा वापरतो, तोच हिशेब त्यांनी केला. आणि विद्या त्यांनी फेकून दिली नाही; १८६० साली प्रसिद्ध झालेल्या 'षड्दर्शनदर्पण' या ग्रंथात ती प्रभूच्या सेवेस लागली. पुढे पंडिता रमाबाईंच्या विश्वासाच्या वाटचालीतही त्यांचा हात होता. त्यांनी विकून टाकले होते, म्हणूनच जे उरले ते देता आले.

आता, प्रिय वाचका, तुझ्या घरातील कपाटाकडे वळ. त्यात डिस्क नसतील. साड्या असतील, भांडी असतील, पुस्तके असतील. माझ्या कपाटात पुस्तकेच आहेत, हे मी कबूल करतो. कोणासाठी तरी 'विकीन' किंवा 'देईन' असे तू म्हणाला आहेस काय? मग आज वही घे. यादी कर. जे कोणाच्याही हाती जाऊ नये, ते मोडून टाक. जे देता येईल, ते दे. जे विकायचे, ते खरेपणाने विक. आणि सर्वांत वर, पहिल्या ओळीत, तारीख लिही.

प्रार्थना : हे प्रभू, आम्हांला पुष्कळ मोत्यांचा मोह आहे. तू दाखविलेले एक मोती ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे, आणि ते ओळखल्यावर विलंब न करण्याचे बळ दे. आमचे तराजू खरे ठेव व आमचे हात मोकळे कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.