दुसऱ्या लेकराचा खाऊ

रविवारी संध्याकाळी पुण्याच्या संभाजी बागेत चक्कर मारली, की तान्ह्या मुलांच्या खाण्याकडे आईबाप हल्ली किती लक्ष देतात ते दिसतं. बाबागाडीच्या खालच्या कप्प्यात स्टीलचा छोटा डबा असतो. त्यात नाचणीच्या धिरड्याचे तुकडे, उकडलेलं रताळं, मऊ इडली. शेजारी एखादं केळं. आजी म्हणते, "अगं, चिमूटभर मीठ तरी घालायचंस." सून सांगते, "आई, वर्षाचा होऊ दे, मग घालू." वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, अख्खे शेंगदाणे-फुटाणे श्वासनलिकेत अडकतात, साखर दोन वर्षांपर्यंत टाळायची, हे सगळं या आयांना पाठ आहे. त्यामागचे कष्ट मोठे आहेत आणि ते बहुतेक घरांत एकट्या बाईचेच असतात.

याच कप्प्यात कधीकधी क्रीमच्या बिस्किटांचा पुडाही असतो. तो आपल्या बाळासाठी घेतलेला नसतो. फुगेवालीचं दीड-दोन वर्षांचं लेकरू डब्याकडे बघत उभं राहिलं, तर त्याच्या हातावर ठेवायला तो बरा पडतो.

देणाऱ्याच्या मनात खोट नसते. लहान मूल बघत असताना एकट्याने खाऊ नये, आधी त्याच्या हातावर घास ठेवावा, हे आपल्या घराघरांत शिकवलेलं आहे. 'नजर लागेल' असं म्हणायच्या निमित्ताने का होईना, भुकेल्या डोळ्यांची दखल घेतली जायची. ती रीत मोलाची आहे. मला टोचते ती त्या हातावर ठेवायच्या पदार्थाची निवड. जी साखर आपल्या बाळाला वर्ज्य, ती त्याच वयाच्या दुसऱ्या बाळाला कशी चालते?

एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. नेस्लेच्या भारतातल्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी जवळजवळ ३ ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये तेच उत्पादन बिनसाखरेचं विकलं जात होतं. कंपनीने आपण इथल्या नियमांत बसतो असं सांगितलं. आपण संतापलो आणि ते योग्यच होतं. युरोपातलं बाळ आणि आपलं बाळ यांना दोन मापं का, हा आपला प्रश्न होता. बागेतल्या बाकावर बसून आपण तोच भेद करतो, फक्त तिथे माप आपल्या हातात असतं.

कुणी म्हणेल, एका धिरड्याने कुणाचं कुपोषण हटणार? हटणार नाही. त्यासाठी १९७५ पासून अंगणवाडीची योजना आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार तिच्यातून मिळायला हवा. पण पोटासाठी गाव सोडून आलेल्या, आज या पुलाखाली तर उद्या त्या, अशा कुटुंबातलं मूल कुठल्या अंगणवाडीच्या यादीत असेल? या प्रश्नाचा पाठपुरावा नगरसेवकाकडे, वॉर्ड ऑफिसात करायला हवा. मात्र समोरचं मूल आत्ता बघतंय आणि तेवढ्यापुरतं उत्तर आपल्या डब्यात आहे.

म्हणून निघताना दोन धिरडी जास्त घालावीत आणि ती घालण्याचं काम बाबांनी करावं. शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात फार वेळ टिकत नाही, तेव्हा निघायच्या आधीच करावं आणि लवकर संपवावं. ते जमणार नसेल तर केळी घ्यावीत. सालीत झाकलेली, मऊ, दात नसलेल्या बाळालाही कुस्करून देता येणारी आणि खिशाला परवडणारी.

आणि देण्याआधी विचारावं. आपल्या बाळाच्या तोंडात कुणी अनोळखी माणसाने काही घातलं तर आपण केवढे दचकतो! तोच हक्क फुगेवालीलाही आहे. "ताई, याला केळं देऊ का? चालेल ना?" ती बहुतेक वेळा हो म्हणेल. कधी म्हणेल, "नको, आत्ताच भाकरी खाल्लीय त्यानं." अशा वेळी जबरदस्ती न करता "बरं" म्हणावं आणि दोन पोरांना एकमेकांशी खेळू द्यावं.