रांगेतली पाळी विकावी काय?

वाचकहो, ज्या गोष्टीला आपण क्षुल्लक म्हणून हसतो तिच्यात कधी कधी धर्माधर्माचा मोठा प्रश्न दडून बसलेला असतो. रांगेत उभे राहणे ही अशीच एक गोष्ट. धान्याच्या दुकानापासून दर्शनबारीपर्यंत आपण जन्मभर कुठे ना कुठे रांगेत उभे असतो. पण रांगेतली पाळी ही मालकी कोणाची? पैसे टाकून ती विकत घेता येते काय? आणि घेता आली तरी घ्यावी काय? ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

दृष्टांतासाठी मात्र आम्ही वाचकांना दूर नेणार आहोत, अमेरिकेतल्या करमणुकीच्या नगऱ्यांत. त्यांना तिकडे थीम पार्क म्हणतात. एखादी कथा, एखादा देश किंवा एखादा काळ मनाशी धरून त्याप्रमाणे रस्ते, घरे, पाळणे, नावा आणि गाड्या उभारलेली ती बंदिस्त नगरी असते. आपल्यातल्या पुष्कळांची मुले-नातवंडे आज त्या देशी आहेत. आजी-आजोबा भेटीला गेले की त्यांनाही तिथे नेतात. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. आणि दुसरे असे की तिथे देवाची भीड नसते, सगळा हिशेब डॉलरचा. त्यामुळे प्रश्न उघडा दिसतो.

करमणुकीच्या बागा जुन्याच आहेत. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनची तिवोली बाग १८४३ सालची. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचे लूना पार्क १९०३ चे. परंतु आमच्या प्रश्नाला उपयोगी पडणारी कथा कॅलिफोर्नियातल्या एका शेतकऱ्याची आहे. वॉल्टर नॉट हा बुएना पार्क गावी फळांची शेती करी आणि रस्त्याच्या कडेला फळे विकी. मंदीचे दिवस होते. १९३४ साली त्याची बायको कॉर्डेलिया हिने घरीच ६५ सेंटांत जेवण वाढायला सुरुवात केली. जेवण सामिष होते, ते आपण बाजूला ठेवू. आपल्याला रांग पाहायची आहे. पहिल्या दिवशी आठ ताटे गेली म्हणतात. पुढे इतकी माणसे येऊ लागली की लोकांना तासन् तास तिष्ठत बसावे लागे. तेव्हा नॉटने काय केले? ताटकळलेल्या माणसांचा वेळ बरा जावा म्हणून १९४० पासून त्याने शेतातच एक जुन्या काळचे खाणकामगारांचे गाव वसवायला घेतले. ओसाड पडलेल्या गावांतली जुनी घरे उचलून आणून तिथे मांडली. लोक त्या गावात हिंडत, पोराबाळांची मौज होई, तोवर जेवणाची पाळी येई. ह्या गावाला कुंपण घालून प्रवेशाचे पैसे घेणे सुरू झाले ते १९६८ साली. म्हणजे पाहा, जगातली एक नामांकित करमणूकनगरी जन्मली ती रांगेतल्या माणसाचा शीण हलका करण्यासाठी.

ह्यानंतर आला वॉल्ट डिस्ने. अ‍ॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा होत्या, ती १६० एकर जमीन घेऊन त्याने सुमारे वर्षभरात डिस्नेलँड उभे केले. १७ जुलै १९५५ रोजी ते उघडले. त्याची रचना मोठ्या विचाराने केलेली आहे. आत जायला दार एकच. भोवती मातीचा उंच बांध, म्हणजे बाहेरचे जग डोळ्यांआड व्हावे. दारातून आत गेले की जुन्या अमेरिकन गावाची एक पेठ लागते. तिथल्या घरांचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे बांधले आहेत, त्यामुळे घरे आहेत त्याहून उंच भासतात. पेठेच्या टोकाला ७७ फुटांचा एक किल्ला. तो दिसला की पाय आपोआप तिकडे ओढले जातात. ही सगळी दृष्टीची फसवणूकच, पण बघणाऱ्याला ठाऊक असलेली आणि आवडलेली. नाटकात रंगवलेला पडदा पाहून कोणी फसवले असे म्हणत नाही, तसेच हे.

त्या वेळी मोठ्या माणसाला प्रवेशाचा एक डॉलर पडे, आणि प्रत्येक खेळाचे पैसे निराळे. काही महिन्यांतच तिकिटांची पुस्तके निघाली. साध्या खेळाला एक अक्षर, भारी खेळाला दुसरे. ज्याच्या खिशात पैसे जास्त तो खेळ जास्त खेळे. इथे गरीब-श्रीमंत भेद नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण एका पाळण्यापुढे रांग लागली म्हणजे तिच्यात गिरणीमालक आणि गिरणीकामगार एकामागे एक उभे राहत. पैशाने खेळ मिळे. पाळी मिळे ती आधी येण्याने.

आता हॉटेलांकडे वळू, कारण पुढची गोम तिथेच आहे. डिस्नेपाशी हॉटेल बांधायला पैसा उरला नव्हता, म्हणून १९५५ च्या ऑक्टोबरात पहिले डिस्नेलँड हॉटेल जॅक रॅदर ह्या दुसऱ्याच गृहस्थाने उघडले. भोवताली इतरांनीही मुक्कामाच्या जागा काढल्या, आणि यात्रेकरूंचा पुष्कळ पैसा त्यांच्या गल्ल्यात गेला. ह्याचा धडा घेऊन फ्लोरिडात सुमारे २७ हजार एकर जमीन निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप घेण्यात आली. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारला. त्याच्या वडील भावाने, रॉयने, काम तडीस नेले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले. या वेळी हॉटेले पहिल्या दिवसापासून घरचीच होती. त्यांतले एक, कंटेंपररी नावाचे, पाहण्यासारखे आहे. पोलादी सांगाडा आधी उभा केला, खोल्या दुसरीकडे तयार केल्या आणि यारीने उचलून, कपाटात खण सरकवावे तशा आत सरकवल्या. एकरुळी गाडी त्या इमारतीच्या पोटातून जाते. बाहेरून येणारा आपली मोटार तळ्याच्या पलीकडे ठेवून नावेने वा गाडीने येतो. हॉटेलातला पाहुणा घरातूनच गाडीत बसतो. पैसे दिले, सोय मिळाली. ह्यात कोणाचे काही गेले नाही.

१९८२ साली तिकिटांची पुस्तके बंद होऊन एकच दर झाला: एकदा आत आला की सगळे खेळ खुले. साहजिकच रांगा वाढल्या. १९९९ मध्ये फास्टपास नावाची युक्ती निघाली. यंत्रात तिकीट घालावे, ते सांगेल त्या वेळी परत यावे, की थोड्याच वेळात आत. ती सर्वांना होती आणि फुकट होती. मग फ्लोरिडात २०१४ च्या सुमारास ती यंत्रे जाऊन आगाऊ नोंदणी आली, आणि भेद शिरला तो तिथे: कंपनीच्या हॉटेलात उतरणाऱ्याला ६० दिवस आधी पाळी धरता येई, इतरांना ३० दिवस. शेजारच्या युनिव्हर्सल कंपनीच्या वरच्या दर्जाच्या हॉटेलांनी तर खोलीबरोबर जलद रांगेचा परवानाच देऊ केला. २०२१ साली डिस्नेने फुकटचा फास्टपास काढून टाकला आणि त्याच जलद वाटेचे पैसे घ्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या सर्वांत भारी परवान्याचा दर जाहीर झाला तो माणशी दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर, गर्दी आणि उद्यान पाहून. प्रवेशाचे तिकीट त्याहून निराळे.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, “महाराज, ह्यात वावगे काय? रेल्वेत पहिला वर्ग नाही का? पैसा त्याचा, खर्च तो करतो, तुमच्या पोटात का दुखते?” हा आक्षेप मोडीत काढण्यासारखा नाही, म्हणून नीट पाहू. रेल्वेत पहिल्या वर्गाचा डबा वेगळा असतो. त्यात कोणी गादीवर निजला म्हणून मागच्या डब्यातला प्रवासी उशिरा पोचत नाही. गाडी एकच, पोचण्याची घटका एकच. रांगेचे तसे नाही. समजा, एका पाळण्यात तासाला १००० माणसे बसतात आणि रांगेत ५०० उभी आहेत. शेवटच्या माणसाची पाळी अर्ध्या तासात येईल. आता त्या १००० जागांपैकी ६०० जागा पैसेवाल्या रांगेला दिल्या. साध्या रांगेला तासाला ४०० च जागा उरल्या. त्याच शेवटच्या माणसाला सव्वा तास लागेल. ही पाऊण तासाची भर कुठून आली? पैसे घेतले कंपनीने आणि माल दिला तो त्या माणसाच्या वेळेतला, त्याला न विचारता. शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे आपण विकावे, तशातली ही गत.

दुसरी गोष्ट आम्हांला याहून मोठी वाटते. नॉटच्या अंगणात रांग लांबली की ते त्याचे दुखणे होते. लोक कंटाळून निघून जातील ही भीती, म्हणून त्यांची मौज होईल असे काही तरी त्याने केले. पाळी विकायला निघाली की तीच लांब रांग दुकानदाराचा नमुन्याचा माल होऊन बसते. साध्या रांगेत जितका ताटकळा, तितकी जलद वाटेची किंमत. अशा ठिकाणी रांग कमी करण्याची कळकळ कोणाला राहील? मालक वाईट माणूस असतो असे आमचे म्हणणे नाही. भल्या माणसाचेही हित वाकडे बांधले गेले की बुद्धी हळूहळू तिकडे वळते, इतकेच.

कोणी म्हणतात, श्रीमंताच्या ह्या पैशाने गरिबाचे तिकीट स्वस्त होते. झाले तर बरेच होईल. पण २०२४ च्या ऑक्टोबरात डिस्नेलँडच्या गर्दीच्या दिवसाचे एका दिवसाचे तिकीट २०६ डॉलरला जाऊन पोचले, आणि जलद वाट त्यावर आणखी.

मग पुढे जाऊ देणे नेहमीच अन्याय काय? मुळीच नाही. कडेवर तान्हे असलेली बाई, काठी टेकीत आलेला म्हातारा, आजारी माणूस ह्यांना पुढे जाऊ दिले तर रांगेतला कोणी कुरकुरत नाही. उलट मागचाच पुढच्याला हाक मारून सांगतो, “अहो, त्यांना जाऊ द्या की.” इथेही दोन मिनिटे जातातच, पण ती रांगेने आपण होऊन दिलेली असतात. गरजेने पुढे जाणे आणि दामाने पुढे जाणे ह्यांत हे अंतर आहे. आणि दामाची सवय लागली की ती गरजेलाही सोडत नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की काही धनिक लोक अपंग माणसांना तासाच्या भाड्याने वाटाड्या म्हणून घेतात आणि त्यांच्या सवलतीवर स्वतः रांग चुकवतात. त्याच वर्षी डिस्नेने अपंगांसाठीची पद्धत बदलली. ताबडतोब आत सोडण्याऐवजी परत येण्याची वेळ देऊ लागले. चार लबाडांपायी खऱ्या गरजवंतांचीच सवलत आकसली.

आपल्याकडेही हा प्रश्न नाही असे नाही. तिरुमलाचे ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन पुष्कळांस ठाऊक आहे. फुकट दर्शनाची रांगही तिथे आहेच. देवस्थानाचा पैसा अन्नदानाला लागतो, कंपनीचा नफ्याला, हा फरक खरा आणि तो मानला पाहिजे. पण मिनिटांचा हिशेब दोन्हीकडे तोच. आपल्या पालखीसोहळ्यात दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. कोणी अधिक वर्गणी दिली म्हणून त्याची दिंडी रथाजवळ सरकत नाही. हे आपण सहज मानून चालतो, त्याचे मोल कळत नाही. इतरत्र पाळीला भाव आलेला पाहिला म्हणजे ते कळते.

तेव्हा आम्हांला सुचते ते असे. पैशाने सोय घ्यावी, चांगली खोली घ्यावी, सावली घ्यावी. पण जिथे आपली घाई दुसऱ्याच्या पायांनी फेडली जाते तिथे हात आखडावा. आणि ज्यांच्या हाती रांग आहे, मग ते उद्यानाचे चालक असोत की देवस्थानाचे विश्वस्त, त्यांनी रोज एकदा साध्या रांगेच्या शेवटच्या माणसाशेजारी जाऊन उभे राहावे. त्याला पाणी आहे काय, सावली आहे काय, त्याची रांग काल होती त्याहून लवकर सरकते काय, हे पाहावे. नातवंडांना घेऊन त्या नगरीत गेलात, तर जलद वाटेकडे पाहून मूल विचारील, “आजोबा, ते पुढे का गेले?” त्या वेळी काय उत्तर द्यायचे, हे घरून निघतानाच ठरवून ठेवावे.

रामकृष्ण हरि.