छेत्रीनं मागितलं ते

१ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताच्या फुटबॉल संघानं चायनीज तैपेईचा ५-० असा धुव्वा उडवला. कर्णधार सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली. ती पाहायला प्रेक्षक होते अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं समाजमाध्यमांवर लोकांना कळकळीची विनंती केली. युरोपातल्या क्लबांवर जीव टाकणाऱ्यांना त्यानं सांगितलं की आमचा खेळ त्या तोडीचा नाही, हे मान्य. तरी मैदानावर या. टीका करा, ओरडा, शिव्यासुद्धा द्या, पण या. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. तिकिटं संपली. धो धो पावसात भिजत लोकांनी त्याचे दोन गोल पाहिले.

मला या आवाहनात छेत्रीचा स्वभाव सगळ्यात स्वच्छ दिसतो. नुकतीच हॅटट्रिक केलेल्या माणसानं स्वतःसाठी टाळ्या मागितल्या नाहीत. त्यानं संघासाठी माणसं मागितली, आणि त्यांना रागवायचा हक्कही देऊ केला. हा हक्क म्हणजे काय, ते कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ भिडतात तेव्हा आपल्याच पेठेतल्या पोराला तोंडावर बोल लावणारे लोक पुढच्या सामन्यालाही तिथंच असतात. त्या रागात आपलेपणा असतो. दुरून केलेल्या कौतुकाला तो कुठून येणार?

छेत्रीच्या चिकाटीविषयी आपण भरभरून बोलतो, आणि ते रास्तच आहे. २००५ मध्ये क्वेट्टा इथं पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्यानं गोल केला. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सनं त्याला करारबद्ध करायचं ठरवलं होतं. पण जागतिक क्रमवारीत भारत फार खाली असल्यानं ब्रिटननं काम करण्याचा परवाना नाकारला. पंचविशीतल्या खेळाडूला देशाच्या क्रमांकामुळे दार बंद व्हावं, हे किती जिव्हारी लागलं असेल! पुढे अमेरिका, पोर्तुगाल, आणि मग बंगळुरू. तो त्याच देशासाठी गोल करत राहिला. जून २०२४ मध्ये कोलकात्यात निरोप घेतला तेव्हा त्याच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते.

वर्षही उलटलं नाही आणि त्याला परत यावं लागलं. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यानं ९५वा गोल केला. तो गोल त्याची थोरवी सांगतो आणि भारतीय फुटबॉलची नामुष्कीही. इंडियन सुपर लीगमधले (आयएसएल) बहुतेक संघ आघाडीची मुख्य जागा परदेशी खेळाडूला देतात. मग गोल करण्याची सवय भारतीय पोरांना लागणार कधी? एका माणसाच्या जिद्दीचे गोडवे गाताना, ती जिद्द इतकी वर्षं एकट्याला का पुरवावी लागली, हा प्रश्न संघचालकांना आणि महासंघाला विचारलाच पाहिजे. तो विचारण्याचं बळ भरलेल्या मैदानातूनच येतं.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या शहरात, तालुक्यात फुटबॉलचा सामना असेल, तर जा. घरातल्या मुलामुलींना सोबत न्या. आघाडीच्या पोरानं सोपा गोल चुकवला तर खुशाल ओरडा. आणि पुढच्या सामन्यालाही जा.