सांवळ्या चिमणीची जात

'जात' हा शब्द मराठींत फार मोकळ्या हातानें वापरला जातो. आंब्याची जात, बैलाची जात, भाताची जात आणि माणसाची जात. एकाच शब्दावर हीं सारीं कामें आपण भागवितों. शास्त्रीय ग्रंथ लिहिणारांनीं प्राण्यांच्या वर्गीकरणासाठीं हाच शब्द उचलला, आणि त्याला चिकटलेल्या कित्येक समजुतीहि त्याबरोबर नकळत आंत आल्या. जात म्हणजे जन्मानें ठरलेली, कुंपणाआड बंदिस्त असलेली आणि संकर झाला कीं बाटणारी वस्तु, अशी ती समजूत. ती केवळ आपलीच आहे असें मात्र कोणी समजूं नये. ज्यांच्या भाषेंत माणसाच्या जातीला एक शब्द व पक्ष्याच्या जातीला दुसरा, त्या अमेरिकनांच्या कायदेपंडितांतहि ती होती. आणि तिच्या छायेंत एका पक्ष्याचें काय झालें तें सांगण्यासारखें आहे.

फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, मेरिट बेटाच्या खाऱ्या दलदलींत आणि सेंट जॉन्स नदीच्या पाणथळ गवतांत, एक लहानसा पक्षी रहात असे. १८७२ सालीं चार्ल्स मेनार्ड ह्यांस तो आढळला, व पुढल्या वर्षीं रॉबर्ट रिजवे ह्या पक्षिशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याचे इतर किनाऱ्यांवरील भाऊबंद करड्या रंगाचे. हा मात्र पाठीवर काळा, आणि पांढऱ्या छातीवरहि दाट काळ्या रेघा. 'डस्की सीसाइड स्पॅरो' हें त्याचें इंग्रजी नांव. आपण त्यास सांवळी चिमणी म्हणूं. वास्तविक तिचें कूळ आपल्या घरांत काड्या आणून टाकणाऱ्या चिमणीपेक्षां शेतांतल्या भारिटाला अधिक जवळचें आहे. परंतु युरोपांतून तिकडे गेलेल्या लोकांनीं दिसेल त्या तपकिरी पाखरास चिमणी म्हणून टाकलें, त्याला आतां इलाज नाहीं. बराच काळ हिला स्वतंत्र जातीचा मान होता. १९७३ सालीं अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांच्या संघानें तो काढून घेतला व तिला उपजातींत बसविलें. ह्या निर्णयानें चिमणीच्या अंगावरचें एक पीसहि हललें नाहीं, हें सांगावयास नकोच.

ह्या चिमणीचा नाश कोणीं वैरानें केला नाहीं. डासांच्या बंदोबस्तासाठीं प्रथम डीडीटीची फवारणी झाली, मग बांध घालून बेटावरील दलदल पाण्याखालीं बुडविण्यांत आली. पुढें त्याच परिसरांत अवकाशयानें सोडण्याचें केंद्र उभें राहिलें. नदीकांठच्या पट्ट्याची वाट पाण्याचा निचरा, रस्ते आणि वणवे ह्यांनीं लावली. १९६७ सालीं संकटग्रस्त प्राण्यांच्या सरकारी यादींत तिचें नांव चढलें. १९७५ नंतर मादी म्हणून कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं. उरले ते थोडे नर. त्यांपैकीं पांच पकडून पिंजऱ्यांत ठेवण्यांत आले.

मादीच नाहीं म्हटल्यावर एकच मार्ग राहिला. मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूस ह्याच पक्ष्याची दुसरी एक उपजाति होती. तिच्या माद्यांशीं ह्या नरांचा जोडा लावावयाचा, होणाऱ्या मुलींचा संबंध पुन्हां सांवळ्या नरांशींच आणावयाचा, म्हणजे अर्धें रक्त, मग पाऊण, मग आठांत सात, अशी चढती भांजणी होऊन मूळच्यासारखें पांखरूं हातीं लागेल. हिशेब सरळ होता. परंतु सरकारी कायदेपंडितांनीं १९७७ सालीं असें मत देऊन ठेविलें होतें कीं, संकरापासून झालेल्या संततीस संकटग्रस्तांच्या कायद्याचें छत्र नाहीं. शेवटची शुद्ध चिमणी मेली म्हणजे जात संपली. मागें जें काय उरेल त्याच्याशीं सरकारास कर्तव्य नाहीं. त्यामुळें सरकारी खात्यानें ह्या खटपटीला पाठिंबा दिला नाहीं. १९८३ सालीं उरलेले चार म्हातारे नर डिस्ने वर्ल्ड ह्या प्रचंड करमणुकीच्या उद्यानांतील एका बेटावर नेण्यांत आले, व तेथें खाजगी मदतीनें कांहीं संकरज पिलें निपजलींहि. पायांत नारिंगी कडें असलेला अखेरचा नर १९८७ च्या जून महिन्यांत मेला. पुढें संकरज पिलांचाहि वंश टिकला नाहीं. १९९० सालीं सरकारी यादींतून सांवळ्या चिमणीचें नांव वगळण्यांत आलें.

गोष्ट येथें संपली असती तर ती नेहमींची शोककथा झाली असती. परंतु १९८९ सालीं जॉन एव्हाइस व विल्यम नेल्सन ह्या आनुवंशशास्त्रज्ञांनीं ह्या अखेरच्या नराचा डीएनए इतर किनाऱ्यांवरील चिमण्यांशीं ताडून पाहिला. त्यांनीं घेतलेला भाग मायटोकॉण्ड्रिया नांवाच्या पेशीतील कणांमधला. तो संततीस केवळ आईकडूनच मिळतो, म्हणून मातृवंशाचा माग काढावयास फार सोयीचा. निघालें तें असें: सांवळी चिमणी आणि अटलांटिक किनाऱ्यावरील इतर करड्या चिमण्या ह्यांत ह्या बाबतींत भेद करतां येईना, खरा जुना भेद होता तो अटलांटिकवाल्यांत आणि आखातवाल्यांत. म्हणजे ज्या उपजातींतून माद्या आणल्या, तीच नेमकी दूरची सोयरीक ठरली. शिवाय त्या माद्यांच्या पोटीं कितीहि पिढ्या झाल्या असत्या, तरी मातृवंश आखाताचाच राहिला असता. अर्थात् हा भाग म्हणजे एकूण जनुकसंभाराचा अत्यंत अल्प अंश होय. पिसांना काळा रंग देणारीं जनुकें पेशीच्या केंद्रकांत असणार, तीं ह्या तपासांत आलींच नव्हतीं.

आतां प्रश्न असा कीं, ह्या शोधानें चिमणीच्या मरणाचें दुःख कमी व्हावें काय? कित्येकांस तसें वाटतें. ती मुळीं निराळी नव्हतीच, मग गेलें काय? आम्हांस हा युक्तिवाद चमत्कारिक वाटतो. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा अखेरचा मनुष्य उद्यां मेला, तर मराठी शाबूत आहे, सबब कांहीं गेलें नाहीं, असें कोणी म्हणेल काय? त्या बोलींतले उद्गार, शिव्या, अंगाईगीतें, तेवढ्याच गांवांत कळणाऱ्या थट्टा, हें सारें व्याकरणाच्या दृष्टीनें किरकोळ ठरेलहि. पण गेलें तें गेलेंच. सांवळी चिमणी ही त्या दलदलीची बोली होती. तेथल्या गवताच्या सावलींत तो काळा रंग पिढ्यान् पिढ्या मुरला होता. तिची मातृपरंपरा शेजारच्या किनाऱ्याशीं जुळली म्हणून ती दलदल पुन्हां बोलूं लागणार नाहीं. जनुकांचें शास्त्र दोन प्राण्यांतील अंतर मोजून देतें, आणि हें त्याचें काम अमोल आहे. परंतु किती अंतर असलें म्हणजे जीव वांचविण्यास पात्र होतो, हें त्या मोजपट्टीवर कोठेंहि कोरलेलें नाहीं. तें आपण ठरवितों, आणि शास्त्रावर ढकलतों. जाति आणि प्रकार ह्यांतील सीमा बऱ्याच अंशीं सोयीची आहे, हें डार्विननें १८५९ सालींच सांगून ठेविलें होतें.

शुद्धतेचा हट्ट धरला तर काय होतें, ह्याचें उत्तर त्याच फ्लॉरिडांत लौकरच मिळालें. तेथें प्यूमा नांवाचें मार्जारकुळांतील मोठें श्वापद आहे; तिकडचे लोक त्यास पँथर म्हणतात. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यांचीं वीसतीस प्रौढ जनावरेंच उरलीं होतीं. आप्तांतच संबंध होत गेल्यामुळें शेपट्या मुडपलेल्या, हृदयांत व्यंग, नरांचे वृषण उतरत नसलेले, अशी त्यांची अवस्था होती. त्यांतच जनुकतपासणींत असें निघालें कीं, त्यांच्यापैकीं कांहींच्या अंगीं मध्य व दक्षिण अमेरिकेंतील प्यूमांचें रक्त आहे. कोणे काळीं पाळीव जनावरें रानांत सोडलीं होतीं, त्यांचा हा परिणाम. १९७७ च्या मताप्रमाणें पाहिलें तर हे पँथर बाटलेलेच! तें मत सुदैवानें १९९० सालीं मागें घेण्यांत आलें. स्टीफन ओब्रायन ह्यांच्यासह त्या मतावर १९९१ सालीं कडक टीका लिहिणारे अर्न्स्ट मायर हे, परस्परांत संकर न होणें हीच जातीची कसोटी होय, असा सिद्धांत मांडणारे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. कसोटी कशासाठीं आहे हें तिच्या कर्त्यास ठाऊक होतें. १९९५ सालीं टेक्सासमधून आठ माद्या आणून फ्लॉरिडांत सोडल्या. पूर्वीं ह्या दोन प्रदेशांतील प्यूमांचें येणेंजाणें होतेंच. माणसानें मधली वाट तोडली होती, ती माणसानेंच तात्पुरती जोडून दिली. पिलें निरोगी होऊं लागलीं आणि संख्या शंभरावर गेली. हा पँथर शुद्ध आहे काय? नाहीं. तो पँथर आहे काय? त्याच्या तोंडीं सांपडलेल्या हरणास विचारावें.

एवढ्यावरून संकर नेहमींच हितकर असतो असें अनुमान काढणें सोपें आहे, आणि तें चुकीचें होईल. पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर लांडगे आहेत. हिंदुस्थानच्या पठारावरील हा लांडगा जगांतल्या अतिप्राचीन लांडगावंशांपैकीं एक आहे, असें अलीकडच्या जनुकतपासणीनें दाखविलें आहे. नुसत्या डोळ्यांना हें कधींच कळलें नसतें. त्याच भागांत कांहीं विचित्र पिवळट जनावरें दिसलीं, आणि त्यांतील एक लांडगा व कुत्रा ह्यांचा संकर असल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत सिद्ध झालें. येथें पँथरचा न्याय लावतां येत नाहीं. टेक्सासच्या माद्या आठच होत्या, व त्या रानांत जगणाऱ्या प्यूमांतूनच आल्या होत्या. कुत्रे मात्र माणसाच्या उकिरड्यावर पोसलेले, लांडग्यांच्या कित्येक पट, आणि त्यांच्या रोगांसह माळावर येणारे. अशा संकरांत लहान समुद्रांत मोठा समुद्र ओतल्याप्रमाणें होतें. पँथर वांचला तसा लांडगा वांचणार नाहीं, तो विरघळून जाईल. म्हणून संकर झाला कीं नाहीं हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो. जुनी तुटलेली वाट जोडली गेली, कीं एक वंश दुसऱ्यानें गिळला, आणि त्यानंतर त्या भूमींत तसलें जीवन जगणारें कोणी उरलें काय, हें पहावयाचें.

राहतां राहिला तो पिवळट संकरज. त्यानें कोणतें पाप केलें? जनुकांच्या तपासणीनें त्याचे आईबाप सांगितले. त्याला पकडावें, निर्बीज करावें, कीं तसाच राहूं द्यावें, हें ती सांगत नाहीं. लांडग्यांच्या कल्याणासाठीं त्याची वंशवृद्धि थांबवावी असें ज्यांस वाटतें त्यांचें म्हणणें आम्हांस पटण्यासारखें वाटतें, मात्र तें करतांना तो अशुद्ध आहे म्हणून करूं नये. आणि तें करण्यापूर्वीं गांवाबाहेरील उकिरड्याकडे व मोकाट कुत्र्यांकडे पाहावें. कारण त्या माळावर कुत्र्यास वाट त्यानें करून दिलेली नाहीं. सरकारी दप्तरांत अशा माळांची नोंद पुष्कळदां पडीक जमीन म्हणून असते. तेथें आतां भूखंडांच्या हद्दींचे दगड रोवले जात आहेत, आणि रात्रीं त्या दगडांमधून लांडगा, कुत्रा व त्यांचें तें पोर, तिघेंहि जात असतात.