पाहिले, सही

नैरोबीहून परत आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या सौ. ने सोसायटीच्या जिन्यात जाहीर केलं, "आणि जाता जाता इथिओपियाही पाहिला हो!" मी मागे भाजीच्या दोन पिशव्या सांभाळत उभा होतो. एरवी सौ. च्या विधानांना मागून दुजोरा देणं हे माझं ठरलेलं काम. पण त्या दिवशी कुणास ठाऊक कसा, माझ्यातला कारकून जागा झाला.

घरात शिरल्यावर मी म्हटलं, "इथिओपिया नाही पाहिला आपण. राजधानी पाहिली. तीही सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मधला दीड तास कॉफी पिण्यात गेला."

"मग काय सांगू? विमान बदलायला उतरलो होतो म्हणू?"

"खरं तेच आहे."

"तुम्ही वीस वर्षं डोंबिवलीत राहताय. तुम्ही डोंबिवली पाहिलीत का?"

या प्रश्नावर मी गप्प बसलो. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या माणसाला गप्प कुठे बसायचं एवढं समजतं. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. एखादी गोष्ट 'पाहिली' असं म्हणायला माणसाने नेमकं काय केलेलं असावं लागतं? किती तास? आणि ते न करता 'पाहिली' म्हटलं, तर त्याला थाप म्हणायचं की नुसती बोलायची पद्धत?

झालं होतं असं. आमचे साडूभाऊ नैरोबीला असतात. एप्रिल २०२४ मध्ये, मार्च एंडिंगचा हमालीचा हंगाम संपवून, मुदत ठेव मोडून आणि दंडावर पिवळ्या तापाची सुई टोचून घेऊन आम्ही दोघं निघालो. स्वस्तातलं तिकीट काढणाऱ्याला विमान कंपन्या वेळ मात्र भरपूर देतात. आम्हाला अदिस अबाबाच्या विमानतळावर चौदा तास मिळाले. चौदा तासांत आमच्या शाखेत तीन पासबुकं भरून होतात, तेव्हा एक राजधानी सहज उरकेल असा माझा हिशोब. रीतसर व्हिसा काढून ठेवला होता. मी फुलस्केपवर अकरा स्थळांची यादी केली, प्रत्येकासमोर वेळ लिहिली आणि शेवटी एक रिकामा रकाना ठेवला. बरोबरची खूण करायला.

अदिस अबाबा म्हणजे नवं फूल. सम्राट दुसरा मेनेलिक आणि त्याची राणी ताइतू यांनी १८८६ साली वसवलेलं शहर. नाव राणीने ठेवलं. हे ऐकून सौ. म्हणाली, "तरीच! राजाने ठेवलं असतं तर स्वतःचंच ठेवलं असतं." समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांच्या वर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या डोक्यावर आणखी जवळजवळ पाऊण महाबळेश्वर. एप्रिलच्या घामातून निघालेल्या आम्हाला तिथली हवा ऐकून माहीत असलेल्या स्वर्गासारखी वाटली. फक्त दहा पायऱ्या चढल्या की धाप लागे. स्वर्गातही हीच अडचण असावी.

पहिला धक्का कॅलेंडरने दिला. तिथे अजून २०१६ साल चालू होतं. त्यांचं पंचांग आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं, आणि वर्षाला महिने तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे, आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. पगार तेरा होतात का, हे मी विचारून घेतलं. माझं वय आठ वर्षांनी उतरलं म्हणून मी खुशीत आलो, तेवढ्यात आठवलं: २०१६! म्हणजे नोव्हेंबर यायचाच आहे की! आठ नोव्हेंबर २०१६ च्या त्या रात्रीनंतर नोटा मोजून मोजून माझ्या बोटांची कातडी गेली होती. क्षणभर वाटलं, इथल्या एखाद्या बँकेत शिरावं आणि काउंटरवरच्या माझ्या बांधवाच्या कानात सांगावं, बाबा रे, आत्ताच रजा टाक.

दुसरा धक्का घड्याळाचा. आमच्या टॅक्सीवाल्याने अकराच्या सुमारास आम्हाला राष्ट्रीय संग्रहालयाच्या दारात सोडलं आणि म्हणाला, "सात वाजता न्यायला येतो." आणि गेलासुद्धा.

"सात?" सौ. किंचाळली. "संध्याकाळपर्यंत आत करायचं काय? आणि विमान?"

माझा चेहरा पडला. यादीतली उरलेली नऊ स्थळं डोळ्यांसमोरून वाहून गेली. शेवटी दारावरच्या भल्या माणसाने उलगडा केला. तिथे दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्याबरोबर सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे सात म्हणजे आपला दुपारचा एक. विचार केला तर यात चुकीचं काय आहे? आपलं पंचांगही वार सूर्योदयालाच बदलतं. मध्यरात्री, जग झोपलेलं असताना, चोरासारखी तारीख बदलण्याची रीत आपण उगाच शहाणपणाची मानून बसलोय. टॅक्सीवाला बरोबर सातला, म्हणजे एकला, हजर झाला. जाताना मात्र तो म्हणाला, "तुम्हाला विमानतळावर बारा वाजता सोडतो." अर्थ कळत असूनही पोटात गोळा आला. आमचे बारा वाजवण्याची वेळ आजवर कुणी इतक्या नम्रपणे सांगितली नव्हती.

संग्रहालयाच्या तळघरात लूसी आहे. १९७४ च्या नोव्हेंबरात त्या देशातल्या हदर या ठिकाणी हिची हाडं सापडली. ३२ लाख वर्षांपूर्वीची. जेमतेम साडेतीन फूट उंचीची, पण दोन पायांवर ताठ चालणारी. अख्ख्या सांगाड्याचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग मिळाला, आणि एवढ्या जुन्या काळातलं एवढं कुणाचं मिळणं हीच मोठी गोष्ट. शोधणाऱ्यांच्या तंबूत बीटल्सचं एक गाणं वाजत होतं, त्यातल्या बाईचं नाव हिला मिळालं. तिथले लोक मात्र हिला 'दिंकिनेश' म्हणतात. तू अद्भुत आहेस, असा त्याचा अर्थ. गंमत अशी, की त्याच वर्षी, दोनच महिने आधी, सम्राट हाइली सेलासी यांना गादीवरून उतरवलं होतं. राजा गेला आणि आजी आली.

मी काचेसमोर उभा राहिलो. आमच्या बँकेत एक-दोन लाखांचे वारस सांगायला माणसं भांडतात. इथे ३२ लाख वर्षांमागच्या आजीसमोर सगळं जग वारस म्हणून उभं राहू शकत होतं, आणि नॉमिनेशन कुणाचंच नव्हतं. मला अगदी भरून आलं. तेवढ्यात शेजारच्याने सांगितलं, "ही प्रतिकृती आहे. खरी हाडं आत तिजोरीत असतात."

माझं भरून आलेलं झटकन ओसरलं. खोटी नोट हातात आली की होतं तसंच. "म्हणजे आपण लूसी पाहिलीच नाही!" मी म्हटलं.

"अहो, मीसुद्धा खरे दागिने तुमच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून लग्नात एक ग्रॅमवाले घालते," सौ. म्हणाली. "म्हणून मी लग्नाला गेलेच नाही असं होतं का?"

तरीही मी यादीत लूसीसमोर अर्धी खूण केली.

जेवायला टॅक्सीवाल्याने एका छोट्या खाणावळीत नेलं. शाकाहाराची मला चिंता होती. पण त्यांचा ईस्टरच्या आधीचा ५५ दिवसांचा मोठा उपवास चालू होता. या दिवसांत मांस, अंडी, दूध, तूप सगळं वर्ज्य. 'उपवासाचं द्या' एवढं म्हटलं की पुरे. मोठ्या थाळीवर टेफ नावाच्या बारीक धान्याची, आंबवलेल्या पिठाची, थाळीएवढी आंबोळी आली. तिला इंजेरा म्हणतात. आणि तिच्यावर मधोमध ओतलेलं, हरभऱ्याच्या पिठाचं, तिखट, रटरटलेलं... पिठलं! ते त्याला शिरो म्हणतात, म्हणोत बापडे. चार हजार किलोमीटर येऊन आम्ही पिठलं आणि आंबोळी खात होतो. टॅक्सीवाल्याला बसायचा आग्रह केला. तो म्हणाला, "मी नऊ वाजता खाणार." आता मी मनातल्या मनात सहा मिळवायला शिकलो होतो. दुपारी तीनपर्यंत तो काही तोंडात घालणार नव्हता. रोज दुसऱ्यांना जेवायला घेऊन येत होता आणि समोर शांत बसत होता. आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची दुसरी वाटी घेणारा मी, पिठल्यात मान घालून बसलो.

खाणावळवाल्या बाईने येऊन इंजेऱ्याचा एक घास केला आणि स्वतःच्या हाताने सौ. ला भरवला. त्यांच्यात ती आपुलकीची रीत आहे. सौ. चे डोळे चमकले. तिला यापूर्वी घास भरवला होता तो मी, लग्नात, तोही फोटोग्राफरने तीनदा सांगितल्यावर.

मग कॉफी. कॉफीचं मूळ गावच हा देश. तिथे कॉफी मागवत नाहीत, कॉफीला बसतात. बाईने जमिनीवर गवत पसरलं, धूप घातला, हिरव्या बिया तव्यावर भाजल्या, भाजण्याचा धूर आमच्या नाकापर्यंत आणला, कुटल्या, मातीच्या उंच मानेच्या सुरईत उकळल्या. पहिला कप हातात यायला पाऊण तास. तेवढ्यात नऊ वाजले आणि टॅक्सीवालाही जेवला. मी उठू लागलो तर तो म्हणाला, "तीन कप असतात. तिसरा आशीर्वादाचा. तो न घेता उठत नाहीत."

माझ्या यादीत सात स्थळं शिल्लक होती. एन्टोटो डोंगर, मर्काटोचा प्रचंड बाजार, अदवाच्या लढाईचं नवं स्मारक. १८९६ साली इटलीच्या फौजेला या लोकांनी तिथे धूळ चारली होती. आणि आफ्रिकी देशांच्या संघटनेचं मुख्यालय. सौ. ने माझ्याकडे पाहिलं. "बसू या," ती म्हणाली. बसलो. म्हणजे ती बसली. मी घड्याळ पाहत होतो, आणि दर वेळी सहा वजा करत होतो.

रात्री विमानात मी म्हटलं, "बाई चांगली होती." त्यावर सौ. ने मला त्या बाईचं नाव सांगितलं, तिच्या दोन मुलांची नावं सांगितली, धाकट्याला अभ्यासाचा कंटाळा आहे आणि नवरा दुसऱ्या गावी कामाला असतो, हेही सांगितलं. मी थक्क झालो. टॅक्सीवाल्याने मोडक्या इंग्रजीत हे सगळं माझ्यासमोरच तर सांगितलं असणार! दीड तास आम्ही दोघं एकाच गवतावर बसलो होतो. तिने पाहिलं. मी हजर होतो.

आणि तिथे, त्या अंधाऱ्या विमानात, मला ज्याची आठवण नको होती ते आठवलं.

दर नोव्हेंबरात आमच्या शाखेत पेन्शनरांचे हयातीचे दाखले घेतात. आता पुष्कळांचं काम अंगठा टेकून यंत्रावर होतं. पण ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, ते अजून कागद घेऊन येतात. त्या कागदावर छापलेलं असतं, की या इसमास मी पाहिले असून ते आज रोजी हयात आहेत. खाली सही साहेबांची. पण पाहण्याचं खातं माझ्याकडे. नऊ वर्षं एक गृहस्थ माझ्या काउंटरवर येत होते. एकदा म्हणालेही होते, "अहो, एकदा मान वर तरी करा. मी नक्की जिवंत आहे ना, मलाही कळू दे." रांगेत सगळे हसले. मीही हसलो, शिक्का मारता मारता.

२०२३ च्या नोव्हेंबरात त्यांच्याऐवजी त्यांची मुलगी आली, मृत्यूचा दाखला घेऊन. फोटो पुढे करून म्हणाली, "बाबा तुमचं नाव नेहमी काढायचे. ओळखलंत ना?"

तो चेहरा मी आयुष्यात कधी पाहिलेला नव्हता.

"हो तर!" मी म्हटलं.

आता सांगा, थाप कुणाची मोठी? आठ तासांत इथिओपिया पाहिला म्हणणाऱ्या सौ. ची, की नऊ वर्षं लेखी 'पाहिले' म्हणणाऱ्या माझी? तिच्या म्हणण्यात देशाचं क्षेत्रफळ थोडं जास्त धरलं गेलं, एवढीच चूक. माझा कागद बिनचूक होता. माणूस खरोखर समोर उभा होता आणि खरोखर हयात होता. ऑडिटरला यात काही सापडणार नाही. तासांचं माप लावलं तर मी निर्दोष सुटतो, आणि म्हणूनच मला त्या मापाचा संशय येऊ लागलाय. पाहायला किती वेळ लागतो, हे मला अजून सांगता येणार नाही. पण पाहताना हातातली यादी खाली ठेवावी लागते, एवढं त्या गवतावर बसून कळायला हवं होतं. ते कळलं विमानात.

जिन्यातलं विधान मी मागे घ्यायला लावलं नाही. उलट परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा मीच म्हटलं, "हिने पाहिला इथिओपिया. मी सोबत होतो."

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा रांग लागली. मी ठरवून प्रत्येकाकडे मान वर करून पाहत होतो. परिणामी काम रेंगाळलं, मागून "काय झोपलेत काय?" असे आवाज आले, साहेब दोनदा काचेतून डोकावले. एक आजी बराच वेळ माझी नजर सहन करून शेवटी म्हणाल्या, "काय रे, काय बघतोस एवढं? कागदात काही चुकलंय का?"

"नाही आजी," मी म्हटलं. "इथे पाहिलं असं लिहायचंय. म्हणून बघतोय."

"मग नीट बघ," म्हणाल्या, आणि पदर सारखा करून, फोटोला बसावं तशा ताठ उभ्या राहिल्या.