मुलीला काय दिले?



लग्न ठरले की वधूवर आमच्याकडे चौकशीचा अर्ज भरायला येतात. हे लग्न स्वखुशीने करता का, असे आम्ही दोघांना वेगवेगळे विचारतो. सोन्याबद्दल अर्जात रकाना नाही. ते मागाहून, दाराशी उभे राहून मुलीचे वडील सांगतात, "फादर, त्यांनी काही मागितले नाही. आम्हीच आमच्या खुशीने देतो."

न देण्याची मोकळीक असेल तरच देणे खुशीचे. काहीच न देता आपली मुलगी सासरी मानाने राहील असा भरवसा असता, तर त्या बापाने पतपेढीचे कर्ज काढले असते का? १९६१ चा हुंडाबंदी कायदा न मागता दिलेल्या भेटींना मुभा देतो, त्यांची यादी करायला सांगतो. न बोलता केलेली मागणी त्या यादीत कशी लिहायची?

चीनमध्ये पैसा उलट दिशेने जातो. तिथे मुलाकडचे लोक मुलीच्या आईबापांना रक्कम देतात, तिला 'त्साइली' म्हणतात. २०२१ पासून लागू असलेल्या तिथल्या नागरी संहितेत लग्नाच्या निमित्ताने पैसा उकळण्यास मनाई आहे, तरी प्रथा चालूच आहे. "म्हणजे तिथे मुलीला मोल आहे," असे आमच्या युवकांच्या बैठकीत एकाने म्हटले. मोल आहे खरे. पण ज्याचे मोल होते त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते, माणसाच्या जागी नाही. कांट या तत्त्ववेत्त्याने १७८५ साली हा भेद मांडला. त्याच्या कितीतरी आधी तो दोन बहिणींना कळला होता. राहेलसाठी याकोब सात वर्षे लाबानाकडे राबला, फसवला गेला, पुन्हा सात वर्षे राबला. उत्पत्तीच्या ३१ व्या अध्यायात राहेल आणि लेआ आपल्याच बापाबद्दल तक्रार करतात, की त्याने आम्हाला विकले, पैसाही खाल्ला, आता बापाच्या घरात आम्हाला वाटा तरी आहे का?

वाट्याचे बोलणे आपल्याकडेही मुलीने काढायचे नसते. गावठाणातले घर पुनर्विकासाला गेले की भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो, "तुला लग्नात दिलेच की!" पण आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी दोघांचा वाटा सारखा आहे. बापाने हयातीत जे दिले ते त्यातून वजा होत नाही. केरळच्या मेरी रॉय यांना अशा समान वाट्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. निकाल १९८६ साली लागला. आपल्या मुलींना तो हक्क आधीपासूनच आहे, सांगत मात्र कोणी नाही.

आम्हीही सांगितला नाही. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या धर्मग्रामात असताना, अर्ज भरायला आलेली एक मुलगी म्हणाली, "फादर, मला दागिने नकोत, घरात माझा वाटा राहू द्या, असे पप्पांना तुम्ही सांगाल का?" घरगुती बाब म्हणून आम्ही टाळले. वडिलांच्या पश्चात तिने हक्कसोडपत्रावर सही केल्याचे पुढे कळले. दागिने त्याआधीच नवऱ्याच्या धंद्यासाठी गहाण पडले होते.